घोरणे, स्लीप ॲप्निया आणि जबड्याचे साधन : खानदेशातील आपापले अनुभव लिहावेत

धागाकर्ता, जळगाव

आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडतात आणि कोण किती घोरते हे साऱ्या गल्लीला ठाऊक असते. माझ्या घोरण्याची मात्र घरात कुणी कधी काळजी केली नाही. माणूस दिवसभर राबला म्हणून गाढ झोपला, असेच सगळे धरून चालत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात धाकटा भाऊ पुण्याहून आला होता. रात्री माझे घोरणे एकदम थांबले, काही क्षण काहीच ऐकू आले नाही आणि मग बुडणारा माणूस पाण्याबाहेर तोंड काढतो तसा मी श्वास ओढला. त्याने घड्याळ लावून पाहिले, तर एकदा पंचवीस सेकंद श्वास बंद होता. सकाळी त्याने आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "याना दम तर सालोसाल असाच अटकस." इतकी वर्षे ती रात्री उठून माझ्याकडे पाहत होती, हे मला त्या दिवशी कळले.

बोटाला, छातीला आणि नाकाखाली नळ्या-तारा लावून घरीच स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, झाली. तासाला २१ वेळा श्वास थांबत किंवा उथळ होत होता; हाच स्लीप ॲप्निया. आधी सीपॅप, म्हणजे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र, दिले गेले. दोन महिने मनापासून प्रयत्न केला, पण मुखवटा चढवला की जीव घाबरा होई आणि पहाटे तो उशाशी पडलेला सापडे. तेव्हा छातीच्या डॉक्टरांनीच, आजार मध्यम आहे आणि दात चांगले आहेत म्हणून, जबडा पुढे धरणाऱ्या साधनासाठी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले. वरच्या आणि खालच्या दातांची मापे घेऊन दोन कवळ्यांसारखे भाग बनवले गेले. ते एकमेकांत अडकले की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो. बाजूला बारीक स्क्रू असतो आणि तो छोट्या किल्लीने थोडा थोडा फिरवून जबडा आठवड्या-आठवड्याने पुढे न्यायचा असतो.

पहिल्या आठवड्यात लाळेने उशी भिजायची आणि सकाळी चहात बुडवलेला टोस्टही चावताना कानाजवळ ठणकायचे. तीन आठवड्यांत ते कमी झाले. चार महिन्यांनी साधन तोंडात ठेवून पुन्हा तपासणी केली, तेव्हा आकडा ६ वर आला होता. दुपारी दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या लागणारी डुलकी गेली, हे मला त्या आकड्याइतकेच मोलाचे वाटते.

ज्यांनी असे साधन वापरले, वापरून सोडले किंवा ज्यांना ते मिळूच शकले नाही, त्या सर्वांनी लिहावे, ही विनंती. आधीचा आणि नंतरचा आकडा आठवत असेल तर तो जरूर द्यावा.

दंतवैद्य, अमळनेर

अनुभव वाचताना उपयोगी पडेल एवढेच लिहिते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट अरुंद होते. वाट अरुंद असताना जो आवाज येतो ते घोरणे, आणि ती वाट दहा सेकंद किंवा अधिक काळ बंद झाली की तो ॲप्निया. तासाला ५ ते १५ वेळा असे होत असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र मानतात. खालचा जबडा पुढे आला की त्याला जोडलेली जीभही पुढे येते आणि घशातली वाट मोकळी राहते. तीव्र आजारात सीपॅपच अधिक परिणामकारक ठरते. ते सोसत नसेल किंवा आजार सौम्य-मध्यम असेल, तेव्हा साधनाचा विचार होतो. हिरड्या सुजलेल्या असतील किंवा दात हलत असतील तर आधी त्यांवर उपचार करावे लागतात, कारण रात्रभर सारा ताण दातांवरच येतो. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : घोरणे थांबले म्हणजे ॲप्निया गेला, असे समजू नये. आवाज बंद होऊनही श्वास अडकत राहू शकतो आणि ते साधन लावून केलेल्या तपासणीतच कळते.

गृहिणी, भुसावळ

हे मी माझ्या यजमानांविषयी लिहीत आहे. ते रेल्वेत आहेत आणि त्यांची ड्यूटी कधी रात्री, कधी पहाटे असते. त्यांचा आकडा ४१ होता. मुखवट्याची त्यांना लाज वाटे, म्हणून त्यांनी हट्टाने जबड्याचे साधन करून घेतले. घोरणे जवळजवळ थांबले आणि मला वाटले की आता सगळे ठीक झाले. पण फेरतपासणीत आकडा १९ निघाला आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की ज्या माणसाच्या हातात इतरांचा जीव आहे, त्याने एवढ्यावर थांबू नये. त्या दिवशी दवाखान्यातून परतताना ते घरापर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. आता घरी ते सीपॅप लावतात आणि गावाला, लग्नकार्याला गेले की साधन. मुलांनी एकदा मुखवट्याला हात लावून पाहिला आणि त्यानंतर घरात त्याचे कुणालाच अप्रूप राहिले नाही.

केळी उत्पादक, रावेर तालुका

शेतीची वीज आमच्याकडे अनेकदा रात्री येते, त्यामुळे पाणी भरायला मळ्यातच झोपावे लागते. तिथे सीपॅप चालवणे जमणारे नव्हते. म्हणून मी मोबाइलवरून गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार साधन मागवले. ते दाढांवर नीट बसेना, रात्री निसटून पडे, आणि महिन्याभरात पुढचे दोन दात दुखू लागले. पुढे मापाचे साधन करून घेतले आणि त्याने खरोखर फरक पडला. आकडा १७ वरून ७ वर आला. मात्र पहिल्याच मे महिन्यात एक चूक झाली. डबीसकट ते बंद गाडीत, काचेखाली दिवसभर राहिले. संध्याकाळी डबी उघडली तेव्हा खालचा भाग वाकडा झालेला होता आणि तो पुन्हा दातांवर चढलाच नाही. खर्च दुसऱ्यांदा करावा लागला. आता मी ते गार पाण्याने, मऊ ब्रशने धुतो आणि डबी घरातल्या फडताळात माठामागे ठेवतो. आपल्याकडच्या उन्हात ही काळजी प्रत्येकाने घ्यावी.

थोरली बहीण, चोपडा

माझ्या भावाचे वय ३४ आहे. त्याचा आकडा २४ आला आणि साधनासाठी त्याला पाठवले, पण वर्षानुवर्षांच्या गुटख्यामुळे त्याचे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हते. मापाचा साचा आत जाईना. डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला, मग साचा खाली ठेवला आणि भावाला आरसा दाखवला. सध्या त्याचा गुटखा बंद आहे, तोंड उघडण्याचे व्यायाम आणि औषधोपचार सुरू आहेत, आणि तोपर्यंत तो सीपॅप वापरतो. गुटखा खाणाऱ्या प्रत्येक भावाने हे वाचावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

मुलगा, नंदुरबार

आमच्या आप्पांना वर-खाली पूर्ण कवळी आहे, त्यामुळे हे साधन धरायला दातच नाहीत. जिभेला ओढून पुढे धरणारे एक मऊ फुग्यासारखे साधन त्यांनी आठ दिवस वापरले, पण जिभेचे टोक दुखू लागले आणि त्यांनी ते ठेवून दिले. कुशीवर झोपवल्यावर थोडा आराम पडतो.

निवृत्त शिक्षिका, धुळे

मी हे साधन चार वर्षांपासून वापरते आहे आणि त्याने मला झोप दिली, हे कृतज्ञतेने सांगते. परंतु त्याची दुसरी बाजूही इथे यायला हवी. तिसऱ्या वर्षी एके सकाळी कळण्याची भाकरी खाताना लक्षात आले की दाढा एकमेकींवर बसत नाहीत. पुढचे दात आधी टेकतात आणि घास दाढेखाली नुसता फिरत राहतो. असे हळूहळू होऊ शकते, ही कल्पना मला सुरुवातीला कुणी दिलेली नव्हती, आणि पहिल्या वर्षानंतर मीही दातांची तपासणी केली नव्हती. आता डॉक्टरांनी सकाळी चावण्यासाठी एक छोटी पट्टी करून दिली आहे. साधन काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे ती दातांत धरते, त्याने जबडा मागे येतो. जो बदल झाला तो पूर्ण गेलेला नाही, पण वाढलेलाही नाही. सोडू का, असे मी डॉक्टरांना विचारले होते. माझा रक्तदाब, दिवसा येणारी ग्लानी आणि आधीचा २६ हा आकडा समोर ठेवून आम्ही दोघींनी ते चालू ठेवायचे ठरवले. दर सहा महिन्यांनी त्या माझ्या दातांचा फोटो काढून आधीच्या फोटोशेजारी ठेवून पाहतात. भाकरी मी आता दुधात कुस्करून खाते.