बल्ब सारखा लुकलुकतो किंवा उडतो: तुमच्याकडे खोट कुठे सापडली?

पुणे
आमची इमारत १९९४ सालची, वायरिंगही तेव्हाचंच. स्वयंपाकघरातल्या एकाच होल्डरमध्ये गेल्या दिवाळीपासून चार एलईडी बल्ब गेले, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे. त्यांच्यासोबतच आणलेला एक बल्ब शेजारच्या खोलीत अजून सुखाने चाललाय. शिवाय पॅसेजमधला दिवा बटण बंद केल्यावरही दर चार-पाच सेकंदांनी एकदा चमकतो, रात्रभर. आईची झोप मुळात हलकी, ती त्याने हैराण झाली आहे. दुकानदार नवा बल्ब देतो आणि विषय तिथेच संपतो. मला कारण हवंय. तुमच्याकडे असं झालं असेल तर फिटिंग कुठलं होतं, लक्षण काय होतं आणि उघडून बघितल्यावर काय निघालं, ते लिहा. अंदाज नकोत, प्रत्यक्ष सापडलेलं लिहा.

मिरज
ताई, मी २३ वर्षं वायरमनचं काम करतो. पॅसेजच्या बटणात बारीक लाल इंडिकेटर आहे का बघा. असेल तर बल्ब निर्दोष आहे. बटण बंद असताना तो इंडिकेटर पेटतो, तेव्हा त्याचा किरकोळ करंट बल्बमधूनच जातो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तेवढ्याने कोमटही होत नव्हती. एलईडीच्या पोटात कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, असतो. तो हळूहळू भरतो, पुरेसा भरला की बल्ब एकदा चमकतो, मग पुन्हा भरायला लागतो. तुमचे चार-पाच सेकंद म्हणजे तो भरण्याचा वेळ. बिनइंडिकेटरचं बटण बसवून घ्या, चमकणं थांबेल.

इंडिकेटर नसेल तर मात्र लगेच तपासून घ्या. कुणीतरी बटण फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रलवर (वीज परत नेणारी वायर) टाकलेलं असलं, तरी बंद दिवा मंद जळत राहतो. मागच्या पावसाळ्यात एका घरी हेच निघालं. बटण बंद, आणि होल्डरला टेस्टर लावला तर पेटतोय. त्या घरात बल्ब बदलायचं काम दहावीतल्या मुलीकडे होतं. बटण बंद केलंय म्हणून ती निर्धास्तपणे स्टुलावर चढायची, आणि होल्डरमध्ये २३० व्होल्ट हजर. फेज-न्यूट्रल सरळ करेपर्यंत मी त्या घरचा चहा घेतला नाही.

जिन्यातल्या दोन बटणांच्या दिव्याची गोष्ट वेगळी. तिथे वायरी लांबवर एकमेकींना चिकटून जातात, त्यामुळे वायरिंग बरोबर असूनही बल्ब मंद जळू शकतो.

गुहागर
आमच्या घरातून समुद्राची गाज ऐकू येते, म्हणजे खारा वारा बारा महिने. पडवीतला बल्ब हाताने हलवला की पेटायचा, दार जोरात आपटलं की विझायचा. मेन बंद करून होल्डर उघडला. पिनांच्या आतल्या स्प्रिंग गंजून दबलेल्या, टोकांवर हिरवट थर, आणि एका बाजूचं बॅकेलाइट (होल्डरचं कडक प्लास्टिक) भाजून काळं झालेलं. सैल जोडावर ठिणग्या पडत होत्या आणि आम्ही वर्षभर बल्ब बदलत होतो! चिनी मातीचा होल्डर लावला. तीन पावसाळे झाले, बल्ब तोच आहे.

न्यू जर्सी
इथे ११०-१२० व्होल्ट, होल्डर आट्यांचे, पण दुखणं तेच. बाथरूमच्या छताला काचेचा बंद गोळा आहे, त्यातले दोन्ही बल्ब सहा महिन्यांत जायचे. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की बंद फिटिंगमध्ये वापरू नये. ते वाचायला मला तिसरी जोडी लागली. एलईडी चिप सहसा मरत नाही, तिच्यामागचं सर्किट उष्णतेने मरतं. कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बंद फिटिंगसाठीचे बल्ब लावल्यापासून तक्रार नाही. जेवणाच्या टेबलावरचा दिवा थरथरायचा, तो जुन्या डिमरमुळे, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या बटणामुळे. ६० वॉटच्या बल्बसाठी बनवलेल्या डिमरला ९ वॉटचा भार पुरत नव्हता.

माझ्या आजीच्या घरी, साताऱ्याकडे, सरकारच्या उजाला योजनेत स्वस्तात मिळालेला ९ वॉटचा एलईडी बल्ब अजून जळतोय. योजना २०१५ ची. बल्ब उघडा लोंबतो, त्याला वारा लागतो, एवढंच.

ठाणे
माझं जरा कळकळीने लिहिते, कारण आमच्याकडे प्रकरण बल्बवर थांबलं नाही. दोन आठवडे सगळ्या खोल्यांतले दिवे एकदम लुकलुकायचे. लिफ्ट सुरू झाली की जास्त. आम्ही बल्ब बदलत राहिलो. एका संध्याकाळी देवघरातला झिरोचा बल्ब भलताच लखलखीत झाला आणि पंखा कधी नव्हे इतक्या जोरात फिरू लागला. समोरच्या काकूंकडे मात्र त्याच वेळी ट्यूबलाइटसुद्धा पेटेना. मिनिटभरात आमचे तीन बल्ब आणि फ्रिजचा बोर्ड गेला. वायरमनने मीटरपाशी मोजलं, आमच्या फेजवर ३१० व्होल्ट. इमारतीच्या मुख्य न्यूट्रलचा जोड जळून सुटला होता. असा न्यूट्रल गेला की तीन फेजवरची घरं एकमेकांच्या भारावर लोंबकळतात. ज्याच्याकडे भार कमी त्याच्याकडे व्होल्टेज चढतं, ४०० च्या आसपासही जाऊ शकतं.

एक दिवा लुकलुकला तर बल्ब, होल्डर, बटण बघा. घरभर एकदम लुकलुकलं तर मेन बंद करा आणि माणूस बोलवा.

मिरज
ठाण्याच्या ताईंचं शंभर टक्के खरं. दिवा मंद झाला की लोक फोन करतात, जास्त उजळला की कुणी करत नाही. उजळणं जास्त वाईट.

इंदूर
मुलीला अभ्यासाच्या टेबलाशी बसलं की डोकं दुखायचं. बल्ब डोळ्यांना स्थिर दिसायचा. मोबाईलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त सर्किटचा बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. पट्टे न दिसणारा बल्ब शोधून लावला. आठवडाभरात तिची तक्रार कमी झाली. आता दुकानातच कॅमेरा धरून बघते आणि खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहते.

पुणे
मिरजेचे दादा, पॅसेजच्या बटणात इंडिकेटर होताच. शनिवारी बटण बदललं, आई त्या रात्री सहा तास सलग झोपली. स्वयंपाकघराचा होल्डर आमच्या वायरमनने उघडला, गुहागरसारखाच प्रकार. आतला एक स्क्रू बोटानेसुद्धा फिरत होता आणि वायरीचं आवरण दोन इंच करपलेलं. होल्डर अगदी गॅसच्या शेगडीवर आहे, वाफ आणि तेल थेट त्यातच जातं. नवा होल्डर दीड फूट बाजूला सरकवून घेतला. बाकीच्या खोल्यांतले सात होल्डर पुढच्या रविवारी उघडणार आहोत. काय निघतं ते इथेच लिहीन.