मालिका संपल्यावर येणारं रितेपण खरं की फुकाचं?

कोपरीकर

मी ठाणे पूर्वेला राहते, नोकरी तुर्भ्याला. जूनपासून ट्रान्स हार्बर लोकलच्या प्रवासात 'श्रीयुत गंगाधर टिपरे' पुन्हा बघायला घेतली होती. ठाण्याला खिडकी मिळाली की भाग लावायचा, कोपरखैरणे येईतो तो संपत आलेला असायचा. गेल्या मंगळवारी शेवटचा भाग बघून झाला. बुधवारी सकाळी सवयीने कानात इयरफोन घातले आणि लक्षात आलं की आता लावायला काही नाही. पारसिकचा डोंगर मागे पडेपर्यंत नुसती बसून होते. रडू आलं नाही, पण घरातलं कोणीतरी परगावी निघून गेल्यावर वाटतं तसं वाटत होतं. ते अजून गेलेलं नाही.

ऑफिसात जेवताना सांगितलं तर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढी जुनी मालिका, शेवट तुला आधीच ठाऊक, मग वाईट कशाचं वाटतं?" प्रश्न साधा होता, पण उत्तर सापडायला मला चार दिवस लागले.

२००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर ही मालिका सुरू झाली तेव्हा मी सातवीत होते. नौपाड्यात आमची दोन खोल्यांची जागा. आजोबा पलंगावर भिंतीला टेकून, आई खाली भाजी निवडत, बाबा दाराच्या उंबऱ्यावर, कारण उरलेली जागा तेवढीच. मालिकेतल्या शिऱ्या आणि शलाका या भावंडांची भांडणं लागली की आई माझ्याकडे आणि दादाकडे बघायची. मालिकेतले आजोबा, म्हणजे आबा, रोजनिशी लिहायला बसले की आजोबा म्हणायचे, "आता हा माझंच लिहिणार." आबा झालेले दिलीप प्रभावळकर तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते, आजोबांपेक्षा किती तरी लहान. आजोबांना ते सांगून कधी पटलं नाही. त्यांच्या लेखी आबा त्यांच्याच वयाचे.

आजोबा आता नाहीत. ती इमारत चार वर्षांपूर्वी पुनर्विकासासाठी पाडली, तिथे सध्या पत्रे ठोकलेत. मी गाडीत बसून रोज बावीस मिनिटं त्या खोलीत जाऊन येत होते. माझं म्हणणं इतकंच आहे की हे दुःख खरं आहे आणि ते सांगणाऱ्याला कोणी हसू नये.

तलावपाळी

ताई, तुमच्या आजोबांबद्दल वाचून बरं वाटलं. तरी मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. तुम्हाला आजोबांची आठवण येते आहे, त्या खोलीची येते आहे. मग त्याला तेच म्हणा. मालिका संपल्याचं दुःख म्हटलं की खऱ्या दुःखाचं नाव पुसलं जातं.

माझं वय बहात्तर. १९८७-८८ ला रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' लागायचं. चाळीत टीव्ही दोघांकडे. ज्यांच्याकडे होता त्यांचं दार सताड उघडं, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. ते संपलं तेव्हा आम्हालाही चुकल्यासारखं झालं, नाही म्हणत नाही. पण त्या रविवारी साडेनऊला माणसं सवयीने त्याच खोलीत जमली आणि चहा पिऊन गेली. वाईट वाटणं सगळ्यांचं एकत्र होतं, म्हणून ते आठवड्यात विरलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि तेच 'रामायण' पुन्हा दाखवलं. तेव्हा प्रत्येक जण आपापल्या बंद दाराआड. मी पाहिलं, पण ते वेगळंच काहीतरी होतं.

आता तुम्ही कानात इयरफोन घालून एकट्या बघता आणि एकट्या झुरता. शेजारच्या बाकावर बसलेल्या बाईचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? मागच्या वर्षी आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ गेले. दहा दिवसांत त्यांच्या घरी किती जण जाऊन आले ते मी मोजलं होतं, आकडा इथे सांगवत नाही. त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये दोघी जणी एका मालिकेतली सून मेली म्हणून हळहळत होत्या. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. माणसाकडे हळहळ मोजकीच असते, ती माणसांसाठी राखून ठेवावी.

ऐरोली सेक्टर आठ

काकांशी सहमत नाही. हळहळ म्हणजे रेशनवरचं रॉकेल नव्हे, एकीकडे ओतली म्हणून दुसरीकडे कमी पडत नाही. मालिकेतल्या सुनेसाठी रडणारी बाईच शेजारच्या घरी पहिली डबा घेऊन जाते, हे मी माझ्या काकूंच्या बाबतीत रोज बघतो.

वाशीहून

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं त्या अंगाने लिहिते. पडद्यावरच्या माणसांशी होणाऱ्या या ओळखीवर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच निबंध लिहिला होता. टीव्ही तेव्हा नवा होता. कॅमेऱ्यात बघून बोलणारे निवेदक प्रेक्षकाला आपल्याशीच बोलल्यासारखे वाटतात, ओळख एका बाजूने वाढत जाते, दुसऱ्या बाजूला तिचा पत्ताही नसतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्याला त्यांनी आजार म्हटलं नव्हतं. आपलं मन आवाज, चेहरा आणि ठरलेली वेळ यावरून माणूस 'आपला' ठरवतं. तो माणूस लिहिलेला आहे हे बुद्धीला कळतं, सवयीला कळायला वेळ लागतो.

काळजी कधी करावी? झोप उडाली, जेवण सुटलं, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागेना, तर ते मालिकेचं नसतं, आत दुसरं काही असतं. तेव्हा कोणाशी तरी बोलावं. चार-आठ दिवसांच्या हुरहुरीला मात्र औषध लागत नाही.

खारघर टेकडी

मी तिसरीच बाजू मांडतो. दुःख खरं असतं, पण आपल्या रोजच्या मालिका त्या दुःखाच्या लायकीच्या नसतात. ज्या गोष्टीचा शेवट लिहिणाऱ्याने आधी ठरवलेला असतो, ती संपल्यावर वाईट वाटणं समजू शकतो. आपल्याकडे मालिका संपत नाही, थांबवली जाते. दर गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे किती जणांनी बघितलं त्याचे, आकडे येतात, ते दोन-चार आठवडे घसरले की आधी वेळ बदलते, मग घाईघाईत सगळे गुन्हेगार पकडले जातात, हरवलेला भाऊ सापडतो, आणि शेवटच्या भागात सगळे पूजेला बसून कॅमेऱ्याकडे बघून हसतात. सहाशे भाग ज्या खलनायिकेने घर पोखरलं ती चार मिनिटांत माफी मागते. अशा शेवटाने माझा तरी जीव तुटत नाही, फसवणूक झाल्यासारखं वाटतं. टिपऱ्यांबद्दल बोलत नाही. ती माझ्याही आवडीची आहे, तिथे माणसं माणसांसारखी वागायची.

नेरूळची लेक

खारघर टेकडी, लायकी ठरवणारे आपण कोण?

माझी आई 'चार दिवस सासूचे' बघायची. २००१ ला सुरू झाली, २०१३ ला संपली, तीन हजारांवर भाग. तेवढ्या वर्षांत माझं बारावी झालं, पदवी झाली, लग्न झालं, मुलगा झाला. बाबा गेले. रोहिणी हट्टंगडींची आशालता मात्र रोज घरात यायची. कथानक ताणलेलं होतं, हे आईलाही कळत होतं. ती स्वतःच म्हणायची, "काय पाणी घालतात!" तरी कुकर पावणेसातला लावून मोकळी व्हायची. गोष्टीत काय होतं यापेक्षा कोणीतरी ठरलेल्या वेळेला येतं, हे तिला हवं होतं.

संपली तेव्हा दोन आठवडे ती त्या वेळेला टीव्ही लावायची आणि आवाज बंद करून बसायची. मी तेव्हा तिला रागावले होते. "एवढं काय त्यात," म्हणाले होते. आज ती वाक्यं परत घ्यावीशी वाटतात.

तलावपाळी काका, तुम्ही म्हणाल, खाली जाऊन चार बायकांत बसावं. तिचे गुडघे गेलेत, लिफ्ट दर महिन्याला बंद पडते, आणि ज्या बायकांत ती बसायची त्यांतल्या दोघी मुलांकडे गेल्या. दार उघडं ठेवलं तरी यायला कोणी नको का?

तलावपाळी

नेरूळच्या ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याबद्दल मी बोलत नव्हतो. ज्यांचे गुडघे धड आहेत आणि तरी जे दार लावून बसतात, त्यांच्याबद्दल बोलतोय. तुम्ही शेवटी जे विचारलंत तेच माझंही दुखणं आहे. यायला कोणी उरलं नाही, आणि ती जागा मालिकेने भरली. जागा भरली की कोणी नाही हेसुद्धा जाणवेनासं होतं. मला भीती त्याची वाटते.

घोडबंदर शिफ्ट

बरेच दिवस इथे नुसतं वाचतो. आज लिहावंसं वाटलं, कारण घोडबंदर रोडला मालिकांच्या सेटवर कला विभागात मी काम करतो. नाव ना माझं सांगत, ना निर्मात्याचं.

प्रेक्षकाला मालिका संपल्याचं शेवटच्या भागाला कळतं. आम्हाला महिनाभर आधी कुजबुजीतून. आधी नवीन कपडे यायचे थांबतात. मग बँक, म्हणजे पुढचे शूट करून ठेवलेले भाग, कमी करायला सांगतात. मग एक दिवस निरोप येतो. शेवटच्या दिवशी केक, फोटो, मिठ्या, रडारड. ती रडारड खरी असते. तेरा-तेरा तासांची शिफ्ट, घरच्यांपेक्षा जास्त वेळ ही माणसं एकमेकांबरोबर काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्क्रू काढायला घेतो. तुमचं ते वाड्याचं घर प्लायवूडचं असतं. जिना वर कुठेच जात नाही. दोन दिवसांत जमीन सपाट. त्याच भिंतींना नवा रंग लावून पुढच्या मालिकेत श्रीमंतांचा हॉल होतो.

म्हणून खरं सांगतो, प्रेक्षकांच्या दुःखाचं मला आधी काही वाटायचं नाही. तुम्हाला सोमवारी त्याच वेळेला नवी मालिका मिळते. सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉट दादाला मिळतेच असं नाही. केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, म्हणजे काम सुटतं तेव्हा मागच्या तीन महिन्यांचे यायचे असतात. एकदा एका मालिकेचे माझे आलेच नाहीत. रडायचं तर त्यासाठी रडा, असं म्हणायचो.

मग एक गोष्ट घडली. एक मालिका संपायच्या आधी दिव्याहून एक आजी-आजोबा ओळखीने सेट बघायला आले होते. मीच फिरवलं. आजींनी हॉल बघितला, तुळशीवृंदावनाला हात लावला, देवघरापुढे उभ्या राहिल्या. आमच्या सेटवर देवघरात शूट नसलं तरी सकाळी दिवा लागायचा, तो कोणी लावायला सांगितलेला नव्हता. मग स्वयंपाकघरात आल्या. तिथे तीनच भिंती, चौथ्या बाजूला ट्रॉली आणि लाइट. शेगडीला सिलिंडर नाही. आजी बराच वेळ शेगडीकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मग त्या दिवशी दूध उतू गेलं, ते कुठे गेलं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी दूध दुसऱ्या बाजूला गरम करून आणलं होतं, फेसाची वेगळी सोय केली होती, सगळं मला माहीत होतं. पण त्यांना तो किस्सा सांगवेना. त्यांनी ते दूध उतू जाताना पाहिलं होतं. नवी नवरी घाबरली होती, सासूने ओरडायच्या ऐवजी फडकं हातात दिलं होतं. आजी म्हणाल्या, "माझ्या सासूने असं कधी केलं नाही." आजोबा गप्प होते.

तेव्हापासून मी कोणाच्या दुःखाला खोटं म्हणत नाही. आमच्या थकलेल्या पैशांचं दुःखही विसरत नाही. दोन्ही आहेत.

ऐरोली सेक्टर आठ

"मग ते कुठे गेलं?" हे वाचून थांबलो. मालिका संपल्यावर आपल्याला नेमका हाच प्रश्न पडलेला असतो.

खारघर टेकडी

शिफ्ट दादा, पैशांच्या मुद्द्यावर पूर्ण पाठिंबा. शेवट घाईत गुंडाळण्याबद्दलचं माझं मत तसंच आहे, पण 'लायकी' हा शब्द मागे घेतो. सासूने फडकं हातात दिलं, हा प्रसंग कोणीतरी मन लावून लिहिला होता.

कोपरीकर

तलावपाळी काका, तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते. शेजारच्या बाकावरच्या बाईचं नाव मला ठाऊक नव्हतं. आज विचारलं. त्या घणसोलीला उतरतात, पोळीभाजी केंद्र चालवतात. मी महिनाभर काय बघत होते ते त्यांना काचेतल्या प्रतिबिंबात दिसायचं. म्हणाल्या, "आबा होते ना? बंद का केलंत?" आवाज ऐकू येत नसताना त्याही माझ्याबरोबर बघत होत्या.

पण दुःखाला आजोबांचं नाव द्या, मालिकेचं नको, हे मला अजून मान्य नाही. आजोबांचा फोटो घरात रोज समोर आहे. फोटो बघून ती खोली उघडत नाही. ती आबांच्या आवाजानेच उघडते, म्हणून आवाज थांबल्याचं वाईट वाटतं.

तलावपाळी

घणसोलीच्या बाईंचं वाचून आनंद झाला. माझं मत मात्र बदललेलं नाही. शेजारी गेला तर आधी तिथे जावं, टीव्ही नंतर.

शिफ्ट दादांची गोष्ट सौ.ला वाचून दाखवली. ती विचारते आहे, सेट काढल्यावर त्या देवघराचं काय केलं?

घोडबंदर शिफ्ट

काकू, देवघर अजून गोडाउनमध्ये आहे, फडक्यात बांधून ठेवलंय. मूर्ती हेअर ड्रेसर ताई घरी घेऊन गेल्या. त्या म्हणाल्या, रोज दिवा लागलेला देव गोडाउनमध्ये ठेवायचा नाही. कळव्याला राहतात, त्यांच्याकडेच आहे.