‘ही बी वर्किंग’ जसंच्या तसं लिहायचं की सुधारायचं?

मालाड_टायपिस्ट
अमेरिकेतल्या मुलाखतींचं ट्रान्सक्रिप्शन करते, क्लीन व्हर्बेटिम (म्हणजे बोललेलंच, पण अडखळणं वगळून). क्लायंटची सूचना एवढीच की ‘अं’, ‘यू नो’ आणि अडखळणं काढा. बोलणारे बरेचसे कृष्णवर्णीय आहेत. ‘ही बी वर्किंग’, ‘शी ॲट होम’, ‘आय डिडन्ट सी नोबडी’ अशी वाक्यं सतत येतात. क्यूए (काम तपासणारा) म्हणतो ग्रामर नीट करा. करायचं का? आणि कधीकधी ‘इज’ म्हटलंय की नाही तेच कळत नाही.

कानसेन
ताई, ग्रामरला हात लावू नका, अर्थच बदलतो. ही कृष्णवर्णीय अमेरिकनांची बोली आहे, तिचे स्वतःचे नियम आहेत. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो एरवी कामावर असतो. या घडीला घरी झोपला असेल तरी वाक्य खरं. आत्ता काम करतोय, असं सांगायचं तर तोच माणूस ‘ही वर्किंग’ म्हणेल. दोन्हींचं ‘ही इज वर्किंग’ केलंत की फरक गेला.

त्याहून घातक ‘बिन’. ‘शी बिन मॅरिड’मध्ये ‘बिन’वर जोर असेल, तर लग्न होऊन बराच काळ झालाय आणि ती आजही विवाहित आहे. ‘शी हॅज बिन मॅरिड’ लिहिलंत की वाचणारा समजतो, होती कधीतरी. जोर कागदावर दिसत नाही, म्हणून टाइमस्टॅम्प देऊन शेरा टाका.

‘इज’ गाळण्यालाही नियम आहे, भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी १९६९ मध्ये मांडलेला. प्रमाण इंग्रजीत ‘ही इज’चं आखडून ‘हीज’ होतं, तिथेच ‘इज’ गळू शकतं. ‘आय नो व्हेअर ही इज’मध्ये शेवटचं ‘इज’ आखडत नाही, म्हणून गळतही नाही. ‘आय ॲम’मधलं ‘ॲम’ आणि भूतकाळी ‘वॉज’ सहसा गळत नाहीत. तिथे ऐकू आलं नाही तर मागे जाऊन पुन्हा ऐका. ‘ही सिक’सारख्या (तो आजारी आहे) ठिकाणी मात्र पुढच्या ‘स’मध्ये ‘ज’ बुडतो, कितीही ऐका. अशा वेळी त्याच माणसाची इतर वाक्यं बघून ठरवायचं.

दुसरा_ड्राफ्ट
वरच्याशी सहमत, पण उच्चार आणि व्याकरण वेगळं ठेवा. ‘ही वॉक टू वर्क येस्टरडे’ ऐकू आलं तर ‘वॉक्ड’च लिहा. पुढे ‘ट’ असल्यावर शेवटचा ‘ट’ प्रमाण बोलणारेही गिळतात. पण ‘ही कम होम येस्टरडे’मध्ये गिळण्यासारखं काही नाही, तिथे ‘कम’च बोललंय, ‘केम’ करू नका. ‘दॅट’चं ‘डॅट’ तर मुळीच नको. तसा उच्चार लिहिला की माणूस अडाणी दिसतो, माहिती शून्य.

‘आय माइट कुड गो’ आलं तर बोलणाऱ्याने मध्येच शब्द बदलला समजून एक काढू नका. अमेरिकेच्या दक्षिणेत आणि स्कॉटलंडमध्ये ही जोडी अशीच चालते.

क्यूएला २०१९चा फिलाडेल्फियातला अभ्यास दाखवा. तिथल्या कोर्ट रिपोर्टरांकडून ९५ टक्के अचूकता अपेक्षित असते. या बोलीतली सुमारे ६० टक्केच वाक्यं त्यांनी बिनचूक लिहिली.

शुद्धलेखन_वाला
‘डिडन्ट सी नोबडी’ला क्यूए हमखास अडेल. दोन नकार मिळून होकार, हे तर्कशास्त्र रॉबर्ट लोथ यांच्या अठराव्या शतकातल्या व्याकरणासारख्या पुस्तकांतून शाळांत रुजलं. शेक्सपिअरकडे दुहेरी नकार सापडतो. शिवाय ऐकणारा कुणीही ‘मी कुणालातरी पाहिलं’ असा अर्थ घेत नाही.

पण क्यूएशी वाद घालण्यात अर्थ नाही. एकाच फाइलमधली तीन वाक्यं निवडा: एक ‘बी’, एक गाळलेलं ‘इज’, एक दुहेरी नकार. टाइमस्टॅम्पसह क्लायंटला मेल करा आणि उत्तर लेखी मागा. संशोधनाचं काम असेल तर बहुधा जसंच्या तसं हवं असतं. मार्केटिंगवाले कदाचित सुधारून मागतील. कंसात ‘sic’ (‘मूळात असंच आहे’ अशी खूण) मात्र टाळा, दर ओळीला तो टोमणाच वाटतो.

कानसेन
आणि हाच न्याय आपल्याकडच्या मुलाखतींना. अंधेरीतला माणूस ‘आय वॉज देअर ओन्ली’ म्हणाला तर ते आपलं ‘तिथेच’ आहे. ‘ओन्ली’ उचलून ‘आय वॉज ओन्ली देअर’ केलंत तर अर्थ ‘फक्त तिथे’ असा होतो. पोलिसांच्या जबाबात हा फरक महागात पडेल.