टोपी घालायची आहे, पण दुसऱ्याला नाही! जुन्या धाटणीची रोज वापरता येईल अशी हॅट सुचवा

भरकटलेला_पतंग
मंडळी, वय ४३, डोक्यावरचं रान विरळ होत चाललंय आणि ऊन थेट टाळूवर बसतं. खेळाडू घालतात तसली पुढे झाप असलेली टोपी कामावर घालून जायला जिवावर येतं. जुन्या कृष्णधवल सिनेमांतल्या हॅट मात्र लहानपणापासून आवडतात. रोज २० मिनिटं चालणं, मग बस. चेहरा गोल, चष्मा आहे. कपडे अगदी साधे, कोट वगैरे कधीच नाही. बायकोचं मत, "फॅन्सी ड्रेसला निघालास असं दिसेल." तसं दिसणार नाही अशी कोणती घेऊ? आणि फेडोरा नि ट्रिल्बी यांत नक्की फरक काय?

खडूस_काका
फरक मुख्यतः काठाचा. ट्रिल्बीचा काठ अरुंद, फार तर ५ सेंमी, मागे वर वळलेला आणि पुढे झुकलेला. फेडोराचा साधारण ६ ते ७ सेंमी. तुमचं काम उन्हाचं आहे ना? मग ट्रिल्बी विसरा, तिची सावली नाकाच्या शेंड्यापर्यंतही धड पोचत नाही. शिवाय गोल चेहऱ्यावर ती बाटलीच्या बुचासारखी दिसते. (स्वानुभव. फोटो जाळलेत.)
गोल चेहऱ्याला माथा जरा उंच आणि पुढून दोन्ही बाजूंनी चिमटा काढल्यासारखा दबलेला हवा. बोलर, म्हणजे गोल माथ्याची टणक हॅट, तर अजिबात नको, गोलावर गोल होतो. ती निघाली १८४९ साली लंडनमध्ये, शिकारीच्या रानातल्या राखणदारांना घोड्यावरून जाताना फांद्या डोक्याला लागू नयेत म्हणून. म्हणूनच इतकी टणक. बसमध्ये ती घालून बसलात तर शेजाऱ्याचीच काळजी वाटेल.

मोरपीस_०७
अवांतर: फेडोरा हे नाव १८८२च्या एका फ्रेंच नाटकाच्या नायिकेचं, ती भूमिका सारा बर्नहार्टने केली होती. म्हणजे हॅट मुळात आम्हा बायकांकडून तुम्हा पुरुषांकडे आली, परत मागू शकतो. :)
मी स्वतः क्लोश घालते, घंटेच्या आकाराची, १९२०च्या दशकातली. पण ती आखूड बॉबकटसाठी घडलेली आहे. केस वर बांधले तर बसतच नाही, अंबाडा मानेशी खाली घालावा लागतो. कुणी बाई हा धागा वाचत असेल तर आधी केसांचा विचार करा, मग हॅटचा.

घारीचा_डोळा
मी फ्लॅट कॅपला, म्हणजे पुढे छोटीशी झाप असलेल्या चपट्या कापडी टोपीला मत देईन. फॅन्सी ड्रेसची भीती असेल तर याहून सोपी सुरुवात नाही. साध्या शर्टावर चालते, घडी करून पिशवीत जाते. १५७१ साली इंग्लंडात सामान्य माणसांनी रविवारी नि सणाच्या दिवशी लोकरीची टोपी घालावी असा कायदाच केला होता, लोकरीचा धंदा तगावा म्हणून. १५९७ला तो रद्द झाला, पण टोपी राहिली.

भरकटलेला_पतंग
घारीभाऊ, आवडली, पण कान आणि मान उघडीच राहतात ना? ऊन तिथेच जास्त चावतं.

घारीचा_डोळा
हो, ते खरंय. मग हिवाळ्यासाठी ठेवा.

दुपारची_झोप
तुम्हाला पनामा हवी. नाव पनामाचं, पण विणतात इक्वेडोरमध्ये, तोकिया नावाच्या ताडासारख्या झाडाच्या पानांपासून. हलकी, वारा खेळतो, आणि फेडोराच्याच घाटात मिळते. काठ ६ सेंमीच्या वर बघा.
फक्त एक सांभाळा. 'स्ट्रॉ' म्हणून पुष्कळदा पिळलेला कागद विकतात. पावसाच्या एका सरीत त्याचा लगदा होतो. हॅट उजेडासमोर धरा आणि माथ्याच्या मधोमध पाहा. हाताची वीण तिथून सुरू होऊन बाहेर पसरत जाते आणि कुठेकुठे किंचित चुकते. सगळं यंत्रासारखं एकसारखं दिसलं तर शंका घ्या.
अजून एक: "गुंडाळता येते" असं सांगतील. येते, पण रोज गुंडाळलीत तर घडीवर तडा जातो. आणि पुढून चिमटीत धरून उचलू नका, नेमकी तिथेच फाटते. दोन्ही हातांनी काठाला धरून काढा, ठेवताना उलटी ठेवा.

खडूस_काका
सहमत. आता सगळे विसरतात ती गोष्ट, माप. कापडी टेप भुवयांच्या वर, कानांच्या किंचित वर आणि मागच्या उंचवट्यावरून फिरवा. तीनदा मोजा, कारण माणूस पहिल्यांदा टेप आवळतोच. चष्मा लावून मोजा. कानामागची दांडी आणि हॅटची आतली चामडी पट्टी यांची रोज भांडणं होतात, दुपारपर्यंत डोकं ठणकतं. दोन मापांच्या मधे अडकलात तर मोठं घ्या. आतल्या पट्टीमागे फोमची बारीक पट्टी सरकवली की सैल हॅट घट्ट होते. घट्ट हॅट मात्र फारशी सैल होत नाही, लोक काहीही सांगोत.
अमेरिकी आकडे दिसले तर घाबरू नका, तो इंचातला व्यास असतो. ५८ सेंमीचा घेर म्हणजे सव्वासात.

उंदीरमामा
नव्या कशाला? जुन्या, खरोखर वापरलेल्या फेल्टच्या हॅट घ्या. सशाच्या केसांचा तो जुना नमदा काही औरच.

मोरपीस_०७
मामा, पहिलीच हॅट तसली नको. आतली चामडी पट्टी वाळून कडक झालेली असते, घाम लागला की तुटते. कसरीची भोकं निघतात ती वेगळीच. आणि फार जुन्या फेल्टमध्ये पारा असू शकतो. अमेरिकेत १९४१ पर्यंत हॅटच्या धंद्यात तो वापरत होते, कारागिरांचे हात थरथरायचे त्यानेच. कपाटात ठेवून बघायला ठीक, रोज कपाळाला नको.

भरकटलेला_पतंग
वा, इतकी माहिती! माप घेतलं: ५९. स्वतःला ५७चा समजत होतो. पनामा ठरली, फेडोरा घाटाची, फीत काळी नको, तपकिरी घेतो. शेवटची शंका: बसथांब्यावर वारा भन्नाट असतो. हॅटमागे धावायचं वय नाही राहिलं.

खडूस_काका
त्यावरही जुना इलाज आहे. काही जुन्या हॅटना फितीभोवती बारीक दोरी आणि टोकाला एक गुंडी असायची. वारा सुटला की ती गुंडी कोटाच्या काजात अडकवायची. तुमच्याकडे कोट नाही, तर शर्टाच्या वरच्या काजात अडकवा. आणि हॅट किंचित पुढे, कपाळावर ओढून घाला. मागे सरकवलेली हॅट पहिली उडते.

भरकटलेला_पतंग
बायकोला दोरीचं सांगितलं. म्हणाली, "गुंडी मी शिवून देते, पण थांब्यावर माझ्यापासून चार पावलं लांब उभा राहा."