पहिलं बाळंतपण माहेरी, पण खर्च कुणाचा? तुमचे अनुभव लिहा

सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला माहेरी आणायचं आणि तिथून पुढचा सगळा खर्च तिच्या आईवडिलांनी करायचा, हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, तरी दोन्ही घरांना ते पाठ असतं. सुईण घरी येऊन बाळंतपण करायची तेव्हा माहेरच्यांनी द्यायचं ते मुख्यतः विश्रांती, खाणंपिणं, तेलमालीश आणि शेक. आज त्याच रीतीत सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या आणि सिझर येऊन बसलं आहे, आणि बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर रोज वाढत जाणारं बिलही.

माझं मत आधीच सांगते. मूल दोघांचं आहे, तर दवाखान्याचं बिल त्या दोघांनी भरावं. आईवडिलांनी हौसेनं करावं तेवढं करावं, पण ते त्यांच्याकडे कुणी मागू नये.

तुमच्याकडे काय झालं? पैसे कुणी दिले, आधी बोलणं झालं होतं का, नोकरी, विमा किंवा सरकारी योजनेतून खरोखर हाती काय आलं? दवाखान्याचं किंवा माणसांचं नाव नको, बाकी मोकळेपणानं लिहा.

सांगली जिल्हा, शिक्षिका

माझ्या वडिलांची द्राक्षबाग आहे. पहिल्या वेळी सिझर झालं, बाळाला कावीळ झाली म्हणून त्याला काचेत ठेवलं. बिल वडिलांनी भरलं. पैसे कुठून आले ते मला खूप नंतर आईकडून कळलं: ऑक्टोबर छाटणीच्या खर्चासाठी सोसायटीतून उचललेलं पीककर्ज होतं ते. त्या वर्षी खतं-औषधं उधारीवर आली.

सासरची मंडळी पेढे आणि बाळंतविडा घेऊन आली, बाळाला मांडीवर घेतलं, बिलाचा विषय कुणी काढला नाही. वाईट माणसं नाहीत ती. नणंदेच्या वेळी त्यांनीही असंच सगळं भरलं होतं, तेव्हाही तिच्या सासरचं कुणी विचारलं नव्हतं. आपण आपल्या मुलीचं केलं, आता सुनेचं तिच्या घरचे करतील, असा त्यांचा सरळ हिशोब. प्रत्येक घर आपापल्या जागी बरोबर असतं आणि भुर्दंड फिरून मुलीच्याच बापावर पडतो. मी पगार घेत होते, नवरा पगार घेत होता, आणि दोन पगारदारांच्या बाळाचा खर्च बागेतून गेला. हे मला आजही खटकतं.

दुसऱ्या वेळीही मी माहेरीच गेले, कारण खरी विश्रांती तिथेच मिळते. पण बिल आमच्या खात्यातून जाईल असं आम्ही दोघांनी आधीच सांगितलं. वडील दुखावले. "माझ्या दारात आलेल्या लेकीचं जावयानं भरायचं का?" दोन दिवस नीट बोलले नाहीत. शेवटी आईनं तोड काढली: दवाखाना आमचा, बारसं त्यांचं. वडिलांनी बारसं इतकं हौसेनं केलं की गाव अजून आठवण काढतं.

पुणे, आयटी कंपनीत, एका मुलीचा बाबा

विम्याचं सांगतो. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपण होतं, पण त्याला वेगळी मर्यादा होती आणि सिझरचं बिल तिच्या पुढे गेलं. स्वतःची पॉलिसी काढणार असाल तर लग्नानंतर लगेच बघा. बहुतेक पॉलिसींमध्ये बाळंतपणासाठी दोन ते चार वर्षं थांबावं लागतं, आणि दिवस गेल्यावर नवी पॉलिसी काढून त्या बाळंतपणाला काही मिळत नाही.

माहेरच्या गावात आणखी एक अडचण येते. तिथला दवाखाना विमा कंपनीच्या यादीत नसला तर कॅशलेस होत नाही. आधी पैसे भरा, मग कागद पाठवा. आमचं तसंच झालं. तपशीलवार बिल, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं मूळ प्रतीत जपून ठेवलं म्हणून रक्कम परत मिळाली.

सासऱ्यांना पैसे देणं त्यांना अपमान वाटेल म्हणून गप्प बसणारे जावई मी पाहिलेत. मी बायकोला पोचवायला गेलो तेव्हाच कार्ड सासऱ्यांच्या हातात दिलं आणि पिन सांगितला. ते नाही म्हणाले. मी कार्ड तिथेच ठेवून आलो.

लातूर, आजी

मुलगी टाइप करते आहे, मी सांगते आहे. दोन्ही लेकींची पहिली बाळंतपणं मी केली. डिंक-मेथीचे लाडू, आळीव, धुरी, बाळाची दुपटी-टोपडी. पैसे लागले, पण ओझं वाटलं नाही. लेक माझ्याजवळ निवांत झोपायची ती त्याच दिवसांत. ते माझ्याकडून काढून घेऊ नका. फक्त बारशाला व्याह्यांनी यादी पाठवू नये. बाळाची साखळी केवढ्याची आणि आहेर कुणाकुणाला, हे त्यांनी सांगायचं नसतं. धाकटीच्या वेळी यादी आली होती. मी ती पुरी केली, पण त्या घरी जेवायला आजवर बसले नाही.

नाशिक जिल्हा, आरोग्यसेविका

वरचे सगळे अनुभव खाजगी दवाखान्यातले आहेत. आमच्या भागातल्या बायकांसाठी लिहिते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत. औषधं, तपासण्या, रक्त, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत जेवण, घरून आणायला आणि परत सोडायला गाडी, हे सगळं त्यात येतं. आजारी नवजात बाळाचे उपचारही येतात. औषध बाहेरून आणा असं कुणी म्हटलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना गाठून विचारा. भांडायची गरज नाही, पण विचाराच.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना जननी सुरक्षा योजनेचे गावात ७०० आणि शहरात ६०० वेगळे. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा कागदावरून: आधारवर माहेरचं नाव, खात्यावर सासरचं, किंवा खातं आधारला जोडलेलंच नाही. हे तिसऱ्या महिन्यातच निस्तरून घ्या.

आणि मोफत म्हटलं तरी घराला खर्च होतोच. सोबत राहिलेल्या आईची मजुरी बुडते, बाळंतिणीची तर कित्येक महिने बुडते. तो खर्च कुठल्याच बिलावर नसतो, म्हणून तो कुणी द्यायचा हे कुणी बोलतही नाही.

ठाणे

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला धरून. आमच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या बाईंना दिवस गेले. त्यांना पगारी रजा कुठली? आधीच्या बाळंतपणानंतर परत आल्या तेव्हा सगळी कामं दुसऱ्या बायकांकडे गेली होती. या वेळी आम्ही त्यांची सगळी घरं एकत्र बसलो आणि तीन महिने पगार चालू ठेवला, कामही राखून ठेवलं. एक घर आधी तयार नव्हतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क लिहिलेला आहे. त्यांच्या बुडालेल्या पगारापुढे ही रक्कम फारच थोडी आहे.

कोल्हापूर, छोट्या कारखान्याची मालकीण

मालकाची बाजू कुणी लिहिलेली नाही, म्हणून लिहिते. २०१७ पासून पगारी रजा २६ आठवडे झाली. ती हवीच, मी स्वतः दोन मुलांची आई आहे. २१,००० पर्यंत पगार असलेल्या आमच्या मुलींचे रजेचे पैसे ईएसआयमधून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतून येतात, कारण तिथे आम्ही दोघंही वर्गणी भरतो. त्यावर पगार असेल तर पूर्ण रक्कम माझ्या गल्ल्यातून जाते आणि तिच्या जागी बदली माणसाचा पगारही. मी दिला आणि पुढेही देईन. पण माझ्यासारखेच लहान उद्योजक मुलाखतीत नव्या लग्नाची मुलगी दिसली की पुढचं विचारतच नाहीत, हे मी कानांनी ऐकलं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० सालचा करार सांगतो की हा भार एकट्या मालकावर न टाकता सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून उचलावा. भारतानं त्याला मंजुरी दिलेली नाही. थोडी थोडी वर्गणी सगळ्यांनी भरावी, पुरुष कामगार ठेवणाऱ्यांनीही. मुलं काय फक्त बायका कामाला ठेवणाऱ्यांच्या भरवशावर जन्माला येतात?

नागपूर, पहिलीच वेळ

सहावा संपत आला आहे. धागा नवऱ्याला वाचायला दिला. बिल आम्ही भरायचं हे ठरलं, सासूबाईंनाही त्यानंच सांगितलं. त्या थोड्या गप्प झाल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. आरोग्यसेविका ताई, एक विचारायचं होतं. नाव नागपूरला नोंदवलंय आणि माहेर गोंदियाकडे. तिथल्या सरकारी दवाखान्यात गेले तर पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल का?

नाशिक जिल्हा, आरोग्यसेविका

नाही. माता बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार आणि पासबुक बरोबर घेऊन जा. पोचल्यावर त्याच आठवड्यात तिथल्या आशाताईंना भेटून बाळंतपणाची तारीख सांगा, म्हणजे त्या गाडीचं बघून ठेवतील. १०२ नंबर फोनमध्ये घालून ठेवा, आईच्या फोनमध्येही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत डॉक्टर तपासणी असते, गेल्या गेल्या जी ९ तारीख येईल ती चुकवू नका. रक्तगट कार्डावर लिहिलेला आहे ना, ते आजच बघा.