डायकास्ट विमानाचा दर्जा कशावर ठरवायचा? (निमित्त: १:७२ चं मिग-२१ एफएल)

उड्डाणवेडा
गेल्या आठवड्यात मिग-२१ या लढाऊ विमानाचं १:७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, डायकास्ट (ओतीव धातूचं) मॉडेल घरी आलं. खोक्यावर छापलंय: मिग-२१ एफएल, भारतीय हवाई दल, २८ नंबर स्क्वॉड्रन, डिसेंबर १९७१. म्हणजे १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर ५७ मिलिमीटरची रॉकेटं डागणारी स्क्वॉड्रन. विषय जिव्हाळ्याचा, त्यामुळे वर्षभर बाजूला टाकलेले साडेनऊ हजार मोजले.

हातात घेतल्यावर जीव सुखावला. चांगलं वजनदार, रंग एकसारखा, राउंडेलची (हवाई दलाच्या गोल खुणेची) कड कुठेही पसरलेली नाही. मग उलटं करून पंखाखाली बघितलं. चार पायलॉन (शस्त्रं, टाक्या टांगायचे खांब)! एफएलला पंखाखाली दोनच असतात, एका बाजूला एक. चार आले ते नंतरच्या एम आणि बिस या प्रकारांवर. नाकावरची पिटॉट नळी (हवेतला वेग मोजणारी) उजवीकडे सरकलेली. एफएलची नळी वरच्या कडेला, बरोबर मध्यावर असते. कॉकपिटची काच उजवीकडे कलंडते; एफएलची काच समोरच्या भागासकट पुढच्या बिजागरीवर उचलली जाते. पाठीवरचा उंचवटाही नंतरच्या विमानांसारखा फुगीर. म्हणजे साचा नंतरच्या प्रकाराचा आणि आकडे एफएलचे.

माझं मत स्पष्ट आहे. दर्जा ठरवताना पहिला प्रश्न एकच: हे तेच विमान आहे का? रंग, वजन, खोकं सगळं त्यानंतर. तुम्हाला काय वाटतं?

शोकेसवाला
असहमत. वितळलेला जस्ताचा मिश्रधातू दाबाने पोलादी साच्यात भरतात, त्याला डायकास्ट म्हणतात. यात खरा खर्च साच्याचा. म्हणून एकाच साच्यावर वेगवेगळ्या देशांचे, स्क्वॉड्रनांचे रंग चढवून विकतात, तेव्हा कुठे ती वस्तू आपल्या खिशाला झेपते. पायलॉन मोजायचे असतील तर प्लास्टिकचं किट आणून स्वतः जोडावं. तिथे चूक झाली तरी ती आपल्या हातात असते.

मी काय बघतो ते सांगतो. विमान काचेवर ठेवायचं. तिन्ही चाकं टेकली पाहिजेत, एकही अधांतरी नको. समोरून डोळा काचेच्या पातळीला आणून बघायचं, दोन्ही पंख सारखे आहेत का. पंख जिथे धडाला मिळतो तिथे नख फिरवायचं. नख अडकलं की जुळणी ढिली. मग भिंग घेऊन छपाई तपासायची. ही अक्षरं रबरी ठशाने उमटवतात, रंगाचे थर सरकले की राउंडेलच्या केशरी आणि पांढऱ्यामध्ये बारीक फट दिसते. तुमचं विमान यात पास झालंय, तुम्हीच लिहिलंय. मग ते वाईट कसं?

ओझरची_लेक
माझे बाबा ओझरच्या एचएएलमध्ये (विमानांच्या सरकारी कारखान्यात) फिटर होते, मिगच्या जुळणीवर. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचं एफएल आहे. ते त्यांच्या हातात दिलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं, पंखाच्या वरच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "एवढ्या फटी? आमच्याकडे असं विमान तपासणीतून पुढे गेलं नसतं." मी नंतर मोजलं. पत्र्यांच्या जोडाच्या रेषा अंदाजे अर्धा मिलिमीटर रुंद आहेत. ७२ ने गुणलं तर ३६ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या विमानात दोन बोटं सहज आत जातील!

माझ्या लेखी पायलॉनपेक्षा ही चूक मोठी, कारण ती अंगभर आहे. पायलॉन निदान पंखाखाली झाकले जातात.

शोकेसवाला
बाबांना नमस्कार. पण एक बाजू बघा. धातूवर रंगाचे दोन-तीन थर बसतात आणि रेषा बुजतात. खोल कोरल्या नाहीत तर विमान साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत दिसेल. पंखाच्या मागच्या कडेचंही तेच. धातू फार पातळ ओतता येत नाही, म्हणून ती कड जाड राहते.

पत्रा_आणि_रंग
रंगाबद्दल कोणी बोललंच नाही. "शेड चुकली" म्हणून १९७१ च्या मिगना नावं ठेवणारे बरेच भेटतात. एफएल आपल्याकडे उघड्या पत्र्याच्या चंदेरी रूपात उडत होती. युद्धाच्या तोंडावर ती घाईने रंगवली, स्क्वॉड्रनागणिक पट्ट्यांची तऱ्हा वेगळी. बरेचसे फोटो कृष्णधवल. त्यात हिरवा नेमका कोणता यावर शपथ कोण घेणार? म्हणून मी रंगाला मोकळीक देतो. पायलॉन मात्र मोजता येतात आणि कृष्णधवल फोटोतही दोनच दिसतात. या मुद्द्यावर मी उड्डाणवेडा यांच्या बाजूने.

खारघर७२
पहिल्या दिवशी दर्जा ठरवूच नका. माझ्या एका जुन्या मॉडेलच्या पंखाला आधी केसाएवढी चीर गेली, मग पृष्ठभाग फुगला, आणि एका पावसाळ्यात टोकच तुटून हातात आलं. जस्तात शिशाची भेसळ राहिली की असं आतून कुजतं, आणि एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. वजनाचंही कौतुक जपून करा. धड धातूचं आणि चाकांचे दांडे प्लास्टिकचे, मग दोन उन्हाळ्यांत दांडे वाकतात. मी आता सगळी विमानं स्टँडवर, चाकं मिटवून ठेवतो.

उड्डाणवेडा
शोकेसवाला, तुमचं वाचून व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) काढला. खऱ्या मिग-२१ चा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये ९९ मिलिमीटरच्या आसपास. माझ्याकडचं ९९ भरलं. तिन्ही चाकं काचेवर टेकतात. घडण उत्तम आहे, हे मान्य.

साचा एकच वापरा, तेही मान्य. मग त्याच साच्यावर एम किंवा एमएफ छापा, मी तेवढेच पैसे देईन. माझा आक्षेप खोक्यावरच्या दोन अक्षरांना आहे. एफएलमध्ये तोफ नव्हती. ती हवी तर पोटाखाली जीपी-९ पॉड (तोफेची वेगळी पेटी) लावायचा, आणि तो लावला की तिथली इंधनटाकी सोडायची. वैमानिकांना ही निवड करावी लागत होती. पंखाखाली दोनच जागा, पोटाखाली एक. त्या तीन जागांवर काय न्यायचं हे ठरवून ते लढले. चार पायलॉन लावले की ती अडचणच पुसली जाते.

विक्रेत्याला कळवलंय. विमान परत करत नाहीये, वर्णन दुरुस्त करा म्हटलंय.

शोकेसवाला
खोक्यावरचं नाव चुकलंय, यात दुमत नाही. पण त्यासाठी दर्जाचे गुण मी कापणार नाही. माझ्या वहीत ती विक्रेत्याची चूक, कारागिराची नाही.

ओझरची_लेक
काल बाबांना कॉकपिटच्या काचेचं विचारलं. त्यांनी टेबलावरची वाटी उचलून चेहऱ्यासमोर धरून दाखवली. एफएलमध्ये वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकला गेला की काच त्याच्यापुढे ढालीसारखी जायची, वाऱ्याचा पहिला मारा ती झेलायची. म्हणून समोरची काच आणि वरचा भाग एकसंध. नंतरच्या विमानांत खुर्ची बदलली, ढालीचं काम उरलं नाही, मग पुढची काच स्थिर झाली आणि बाकीची उजवीकडे उघडू लागली.

उड्डाणवेडा, रेषांपेक्षा पायलॉन लहान चूक असं मी वर लिहिलं होतं, ते कायम आहे. काचेबद्दल मात्र तुमचंच बरोबर.