१५ किलो गटातला फ्लिपर उचलतो, पण फेकत नाही: काय बदलू?

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं वर्गमित्र कोल्हापुरात घरामागच्या शेडमध्ये रोबोवॉरसाठी (रोबोंच्या लढतीसाठी) १५ किलो गटातला न्यूमॅटिक फ्लिपर, म्हणजे दाबाच्या हवेने हात उचलून समोरच्याला उडवणारा रोबो, बांधतोय. चाकं, मोटर, चेसिस यांचं समाधान आहे. अडलंय ते हातापाशी.

रचना अशी: हाताचं हिंज मागच्या बाजूला. ६३ मिमी बोअर (आतला व्यास) आणि १०० मिमी स्ट्रोकचा (पिस्टनचा प्रवास), दोन्ही बाजूंनी हवेवर चालणारा डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडर, त्या १०० मिमीचे हाताच्या टोकाला साधारण ३०० मिमी होतात. एक लिटरची टाकी गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर ८ बारला भरतो. हवा सिलिंडरच्या या किंवा त्या बाजूला वळवणारा १/८ इंची ५/२ सॉलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह, सगळीकडे ६ मिमीची पीयू ट्यूब. १५ किलो वाळूचं पोतं टोकावर ठेवून बटण दाबलं की हात ते आरामात वर नेतो, पण पोतं हातावरच बसून राहतं. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहिलं तर पूर्ण स्ट्रोकला पाव सेकंद लागतो.

मित्र म्हणतात ८० मिमीचा सिलिंडर घेऊ. मला वाटतं सीओटूवर (कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीवर) जावं, कारण परदेशातले मोठे फ्लिपर त्यावरच चालतात. हातात दहा-बारा हजार आहेत. कशावर खर्च करू?

लेथवाले काका

बाळा, सिलिंडरला हात लावू नकोस. तुझ्याकडे जोर भरपूर आहे, वाट अरुंद आहे.

६३ मिमी बोअरचं क्षेत्रफळ ३११७ चौरस मिमी. ८ बारला सुमारे २५०० न्यूटन. हाताच्या टोकाला तिसरा हिस्सा धरला तरी ८०० च्या वर, म्हणजे ८० किलोहून जास्त जोर. पोतं १५ किलोचं. मग ते उडत का नाही? कारण पिस्टन जसा पुढे सरकतो तशी त्याच्यामागे हवा पोचायला हवी. एका स्ट्रोकला ३१२ सीसी जागा ८ बारने भरायची, म्हणजे मोकळ्या हवेचे जवळजवळ २.८ लिटर. ते तू ६ मिमी ट्यूबमधून नेतोयस, जिचं आतलं भोक ४ मिमी आहे. पिस्टन हलायला लागला की मागचा दाब कोसळतो आणि पुढचा सगळा प्रवास तो हवा येईल त्या गतीने करतो. एकसारख्या गतीने. फेकायला वेग शेवटपर्यंत वाढत जावा लागतो.

तुझेच आकडे घे. ३०० मिमी पाव सेकंदात, म्हणजे सेकंदाला १.२ मीटर. त्या वेगाने निघालेली वस्तू हातापासून जेमतेम ७ सेमी वर जाते. अर्धा मीटर उडवायचं असेल तर सुटताना सेकंदाला ३.१ मीटर हवेत.

आता ८० मिमी सिलिंडर लावलास तर भरायची जागा आणखी ६० टक्क्यांनी वाढेल, वाट तीच राहील. हात आणखी सावकाश उठेल.

माझं ऐकशील तर आधी ट्यूब आणि व्हॉल्व्ह बदल. १२ मिमी पीयू ट्यूबचं आतलं भोक ८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ६३ च्या सिलिंडरला पोर्टच (हवेचं तोंड) ३/८ चा असतो, तू रिड्यूसर (तोंड लहान करणारा जोड) लावून तो १/८ वर आणला असणार. तो रिड्यूसर काढ. व्हॉल्व्ह निदान ३/८ चा घे, १/२ चा मिळाला तर उत्तम. टाकी सिलिंडरच्या इतकी जवळ आण की ट्यूब वीतभरही लागू नये. आणि एल्बो (काटकोनी जोड) टाळ. पुश फिटिंगच्या एल्बोत आतलं भोक बाहेरून दिसतं त्यापेक्षा बरंच बारीक असतं, विकत घेताना आरपार बघून घे.

उद्यमनगरकर

काका, रिड्यूसर आहेच. दुकानात व्हॉल्व्ह १/८ चा होता म्हणून त्याला जुळवून घेतलं. मग हात खाली यायलाही वेळ लागतो, तेही यामुळेच का?

लेथवाले काका

हो. वर जाताना पिस्टनच्या पुढची हवा बाहेर पडावी लागते, तीही त्याच बारीक भोकातून जातेय. म्हणजे तुझा हात स्वतःच्याच हवेला ढकलत वर जातो. पुढच्या पोर्टवर क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (हवा तिथल्या तिथे बाहेर सोडणारा) लाव, काही शे रुपयांत येतो. तो थेट पोर्टवर बसवायचा, मध्ये ट्यूब नको. यानेच निम्मा फरक दिसेल. दुसरा मागच्या पोर्टवर लावलास की हात खाली पटकन येईल. हात वर राहिला की तुझं पोट उघडं, आणि समोर स्पिनर (फिरत्या पात्याचा रोबो) असेल तर तो तेवढ्याचीच वाट बघत असतो.

ब्रिस्टलकर

मी मूळचा सांगलीचा, इथे ब्रिटनमध्ये १३.६ किलोच्या फेदरवेट गटात खेळतो. काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फक्त सिलिंडरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे.

तुझ्याकडे रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा) नाही, टाकीच ८ बारला भरतोस. म्हणजे प्रत्येक फेकीला दाब उतरणार. ६३ च्या सिलिंडरने एक लिटरच्या टाकीतून पहिल्या फेकीनंतर ५.९ बार उरतात, दुसरीनंतर ४.२, तिसरीनंतर ३. चौथ्या वेळी तू फक्त हात हलवशील. त्यातही उलटलास तर सरळ व्हायला एक फेक राखून ठेवावी लागते.

५० मिमी बोअर घेतलास तर एका फेकीला १९६ सीसीच लागतात. सोबत दुसरी एक लिटरची टाकी जोडलीस तर आकडे ७.२, ६.५, ५.८ असे सावकाश उतरतात. पाचव्या फेकीनंतरही साडेचार बार शिल्लक. जोर १५७० न्यूटन, टोकाला ५२०. वाट मोकळी असेल तर १५ किलोला कागदावर पाऊण मीटर मिळतो. हाताचं वजन आणि गळती जमेस धरून निम्मा मिळाला तरी समोरचा उलटा पडतोच.

तुझा ६३ चा आयएसओ मापाचा असेल तर ५० च्या रॉडला तेच एम१६ बाय १.५ चे आटे असतात, त्यामुळे पुढची क्लेविस (रॉडच्या टोकाचा यू आकाराचा जोड) तीच चालेल. मागचा माउंट मात्र बदलावा लागेल.

आता सीओटू. इथे मोठे रोबो त्यावर चालतात हे खरं. रोबोट वॉर्स या इथल्या टीव्ही स्पर्धेत केऑस २ या फ्लिपरने तिसरी आणि चौथी मालिका जिंकली, आणि समोरच्याला रिंगणाबाहेर फेकणारा तो पहिलाच. २०१६ मध्ये अपोलो आणि २०१७ मध्ये इरप्शन, दोघांनीही अंतिम लढतीत कार्बाइडसारख्या भयंकर स्पिनरला हरवलं. त्या लढती बघूनच मी या छंदात आलो, त्यामुळे तुझी ओढ मला कळते.

पण ती यंत्रं तुमच्यापेक्षा कितीतरी पट जड आणि खेळतात थंड हवेत. सीओटूच्या बाटलीत २० अंशांना सुमारे ५७ बार दाब असतो, ३० अंशांना ७२. ३१ अंशांच्या वर आत द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही, आणि बाटली जास्त भरलेली असेल तर दाब तापमानाबरोबर झपाट्याने चढतो. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी काय तापमान असतं ते तूच सांग. उलट सलग फेकी केल्या की वायू होताना बाटली गार पडते, दाब उतरतो, सील कडक होऊन गळायला लागतात. १५ किलोच्या गटात या सगळ्याची गरज नाही.

सोल्डरताई

ब्रिस्टलकरांना जोड देते. भारतात उच्च दाबाचे गॅस भरायचे सिलिंडर गॅस सिलिंडर नियम २०१६ खाली येतात आणि त्यांना पेसोची (स्फोटकं आणि दाबाच्या टाक्यांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता लागते, जिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. अग्निशामकातली बाटली काढून, मोठ्या सिलिंडरमधून घरी भरून वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. मान्यताप्राप्त बाटली, मुदतीत झालेली दाब चाचणी आणि परवानाधारकाकडून भरणं, या तिन्ही गोष्टी जमत नसतील तर हवेवरच राहा. स्पर्धेच्या नियमावलीत कमाल दाब किती दिलाय तेही पैसे खर्च करण्याआधी बघ, प्रत्येक ठिकाणी तो वेगळा असतो.

दुसऱ्या टाकीसाठी कोल्ड्रिंकची बाटली किंवा पीव्हीसी पाइप नको. कॉलेजच्या स्पर्धांत बाटल्या लावलेले रोबो मी पाहिलेत आणि दरवेळी पोटात गोळा येतो. पीव्हीसी फुटला की त्याचे धारदार तुकडे उडतात. दाबाचा आकडा छापलेली स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची टाकीच घे. टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज, आणि बाहेरून हाताने फिरवता येईल असा बॉल व्हॉल्व्ह, ज्याने सगळी हवा सोडता येते. शिवाय हात खाली जखडून ठेवणारी पिन, लाल रिबन बांधलेली. रिंगणात ठेवल्यावर ती सर्वांत शेवटी काढायची. शेडमध्ये हवा भरलेली असताना कुणाचंही तोंड हाताच्या वर येता कामा नये, गॉगल सगळ्यांना, बघणाऱ्यांनासुद्धा.

व्हॉल्व्हच्या कॉइलबद्दल: २४ व्होल्टची घेतलीस तर ६ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) थेट चालते, पूर्ण भरलेली २५.२ असते. पण मोटरने ओढ घेतली की व्होल्टेज खाली येतं आणि व्हॉल्व्ह उघडत नाही. नेमकं धडकेच्या क्षणी हे होतं. म्हणून व्हॉल्व्हला छोटी वेगळी बॅटरी किंवा बूस्ट कन्व्हर्टर दे. आणि बटणाचा सिग्नल थेट व्हॉल्व्हला न देता छोट्या मायक्रोकंट्रोलरमधून ठरावीक लांबीचा पल्स दे, १५० मिलिसेकंदांपासून सुरुवात कर. हात वर पोचल्यावरही बटण दाबून धरलं तर हवा फुकट भरत राहते. पल्स कमी करत जा, फेक कमी व्हायला लागली की थोडा मागे ये.

भोसरीवाला

एक पर्याय सुचवतो. डस्ट कलेक्टरच्या बॅग फिल्टरला जो पल्स व्हॉल्व्ह असतो तो लावा. पाऊण किंवा एक इंची पोर्ट, क्षणात उघडतो, आणि एमआयडीसीत जुना सहज मिळतो. भोसरीत भंगारवाल्यांकडे ढीग असतात.

लेथवाले काका

उघडायला तो बंदूक आहे, मान्य. पण तो फक्त आत सोडतो, बाहेर काढत नाही, म्हणजे एक्झॉस्टसाठी दुसरा व्हॉल्व्ह लागणार आणि दोघांची वेळ जुळवावी लागणार. ३० किंवा ६० किलोच्या गटात मी तोच सुचवेन. १५ मध्ये ते वजन चाकांना आणि पुढच्या पात्याला (समोरच्याच्या खाली शिरणाऱ्या) दिलेलं बरं. जुना घेऊ नका, आतला डायफ्राम चिरलेला असतो आणि बाहेरून कळत नाही.

आणखी एक. १/२ इंची ५/२ व्हॉल्व्ह बहुधा पायलटवर, म्हणजे टाकीच्याच हवेच्या जोरावर चालतात, त्यांना आतून हलायला किमान दीड-दोन बार लागतात. टाकी त्याच्या खाली गेली की व्हॉल्व्ह टकटक करेल पण सरकणार नाही. घाबरू नकोस, तो बिघडलेला नसतो.

उद्यमनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सीओटू आणि ८० मिमी दोन्ही रद्द. आधी ६३ वरच ३/८ व्हॉल्व्ह, १२ मिमी ट्यूब आणि दोन क्विक एक्झॉस्ट लावून पुन्हा व्हिडिओ काढतो, मग ५० चा विचार.

एक शंका राहिली. वेग वाढला की हात वर कुठे थांबणार? आत्ता पिस्टनच शेवटी जाऊन आदळतो.

ब्रिस्टलकर

हा प्रश्न फार वेळेवर विचारलास. पोतं ठेवलेलं असतं तेव्हा ठीक, पण लढतीत निम्म्या फेकी हुकतात, आणि रिकामा हात पूर्ण वेगाने जाऊन सिलिंडरच्या पुढच्या झाकणावर आदळतो. सिलिंडरचे टाय रॉड ताणले जातात, झाकण सुटतं, रॉड वाकतो. हाताला पट्ट्याने अडव. ट्रकवर माल बांधायचा पॉलिस्टरचा पट्टा किंवा गाडीचा सीट बेल्ट चालतो. एक टोक हाताला, एक चेसिसला, आणि लांबी अशी की पिस्टन शेवटापासून ८-१० मिमी अलीकडे असतानाच पट्टा ताणला जाईल. पट्टे दोन लाव, डावीकडे एक, उजवीकडे एक, नाहीतर हात पिळला जातो. पट्टा बोल्टभोवती थेट गुंडाळू नकोस, आट्यांनी कापला जातो; बोल्टवर गुळगुळीत बुश चढव. प्रत्येक लढतीनंतर शिलाई तपास.

सिलिंडर मागेही पिनवर फिरता हवा. घट्ट बसवलास तर हाताच्या कमानीबरोबर रॉडवर आडवा जोर येतो आणि पुढचं सील आठवड्यात जातं.

आणि हे सगळं करण्याआधी पुढचं पातं बघ. केऑस २ असो की इरप्शन, समोरचा हातावर चढला तरच फेकला जातो. पात्याची धार जमिनीला पूर्ण लांबीभर टेकते का, हे टाइल्सवर ठेवून खालून कागद सरकवून बघ. जिथे कागद जातो तिथे समोरच्याचं पातं जाणार. ३-४ मिमी हार्डॉक्सचं (झीज न होणारं कठीण पोलाद) पातं, त्याला स्वतःचं छोटं हिंज, म्हणजे रिंगण ओबडधोबड असलं तरी ते जमीन सोडत नाही.

लेथवाले काका

हार्डॉक्स साध्या एचएसएस ड्रिलने होणार नाही, कोबाल्टचं घे, स्पीड कमी, दाब जास्त, तेल सोडत राहा. भोकं आधी लेझर कटिंगलाच पाडून घेतलीस तर सगळ्यांत सोपं.

बुश मी टर्न करून देतो, उद्यमनगरातच आहे. हिंजची पिन किती मिमीची आणि पट्ट्याची रुंदी किती, तेवढं मोजून इथे टाक.

उद्यमनगरकर

पिन १२ मिमी, ईएन ८ पोलादाची. पट्टा ५० मिमी रुंद. संध्याकाळी चेसिसचा फोटो टाकतो, काका.